प्रत्येक वेळी बेअरिंगच डुप्लिकेट कशी?

मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, यंत्रमागाच्या कोणत्याही कारखान्यात मोटर बंद पडली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "बेअरिंग गेली." त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्यही ठरलेले असते : "डुप्लिकेट असणार." मग दुकानदाराला चार शब्द सुनावले जातात. दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो आणि घाऊक व्यापारी शपथेवर सांगतो की माल कंपनीचाच आहे. तोवर नवी बेअरिंग ठोकून मोटर सुरू झालेली असते आणि जुनी भंगाराच्या डब्यात पडलेली असते. या सगळ्या भांडणात खरे काय ते सांगू शकणारी एकच साक्षीदार होती, ती म्हणजे ती जुनी बेअरिंग. तिला कोणी काही विचारलेच नाही.

बाजारात बनावट माल नाही, असे आमचे म्हणणे नाही. आहे, आणि त्याविषयी पुढे लिहिणारच आहोत. परंतु एकाच मोटरीची, एकाच बाजूची बेअरिंग वर्षात तीन-चार वेळा जाते, दर वेळी ती वेगळ्या दुकानातून आणलेली आणि वेगळ्या कंपनीची असते, तरीही प्रत्येक वेळी ती डुप्लिकेटच निघते, हे बुद्धीला पटण्यासारखे नाही. शेजारच्या मोटरीत त्याच दुकानातली बेअरिंग वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली असते. तेव्हा दोष मालात शोधण्याआधी तो आपल्या हातोड्यात, आपल्या शाफ्टमध्ये आणि आपल्या ग्रीसच्या डब्यात शोधला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा प्रश्न केवळ एका स्वस्त वस्तूचा नाही. माग थांबला की विणकराची मजुरी थांबते. ज्याचा या बिघाडात काडीचाही हात नाही, त्याच्याच खिशातून त्याची किंमत वसूल होते.

आयुष्याचा हिशेब

बॉल बेअरिंगमध्ये मुख्यतः चारच गोष्टी असतात : आतली रेस, बाहेरची रेस, मधल्या गोळ्या आणि त्या गोळ्यांना एकमेकींपासून अंतरावर ठेवणारा पिंजरा. रेस आणि गोळ्या ज्या पोलादाच्या असतात त्यात साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते. आपल्या बाजारात त्या जातीला ईएन-३१ म्हणून ओळखतात. ते इतके कडक केलेले असते की कानस त्यावरून घसरते. गोळी आणि रेस यांचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ नये, मध्ये तेलाचा पडदा राहावा, अशी योजना असते. हा पडदा सहसा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे डोळ्यांना जी धूळ दिसतसुद्धा नाही ती या पडद्याच्या हिशेबाने दगडगोट्यांसारखी आहे.

बेअरिंग कधी ना कधी जाणारच. गोळी रेसवरून लाखो वेळा फिरली की पोलाद थकते. पृष्ठभागाच्या किंचित खाली बारीक तडा सुरू होतो, तो वर येतो आणि रेसचा खवला निघतो. हे वयाने आलेले मरण आहे, त्यात कोणाचा दोष नाही. ते केव्हा येईल याचा हिशेब लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या दोन स्वीडिश तज्ज्ञांनी १९४७ साली मांडला आणि आजही जगभर तोच पाया धरला जातो. हिशेब सोपा आहे. कंपनीच्या तक्त्यातली भारक्षमता घ्या, प्रत्यक्ष पडणाऱ्या भाराने तिला भागा आणि आलेल्या आकड्याचा घन करा. तितके दशलक्ष फेरे १०० पैकी ९० बेअरिंग्ज पूर्ण करतात. उरलेल्या दहा त्याआधीही जाऊ शकतात, ही गोष्ट दुकानदार आणि ग्राहक दोघांनीही लक्षात ठेवावी.

एक उदाहरण घेऊ. एक हॉर्सपॉवरच्या मोटरीत सहसा ६२०४ नंबरची बेअरिंग असते. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतले भोक मिळते, म्हणजे २० मिलिमीटर. तिची भारक्षमता साधारण १३०० किलोच्या आसपास. पट्ट्याच्या ताणामुळे तिच्यावर १०० किलो भार पडतो असे धरू. १३०० भागिले १०० म्हणजे १३, आणि त्याचा घन २१९७. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेत असेल तर हे २१९७ दशलक्ष फेरे पुरे व्हायला २५ हजार तास लागतात. रात्रंदिवस चालवली तरी जवळजवळ तीन वर्षे. आता पट्टा इतका ताणला की भार २०० किलो झाला. आयुष्य निम्मे होईल असे कोणालाही वाटेल. ते निम्मे होत नाही, ते आठवा हिस्सा होते. तीन वर्षांच्या जागी साडेचार महिनेसुद्धा नीट भरत नाहीत.

आपल्याकडे पट्टा का ताणतात? तो घसरतो म्हणून. तो का घसरतो? पुलीची खोबण झिजून गुळगुळीत झालेली असते किंवा पट्टा जुना होऊन तळाला टेकलेला असतो म्हणून. नवी पुली घेण्याऐवजी मोटर मागे ओढून बोल्ट कसले जातात. त्यात पुली शाफ्टच्या अगदी टोकाला बसवलेली असेल तर तरफेसारखा जोर येऊन भार आणखी वाढतो. इथे बेअरिंग अस्सल असो वा नकली, ती जाणारच. अस्सल असेल तर चार महिन्यांनी, नकली असेल तर चार आठवड्यांनी, एवढाच फरक.

शाफ्ट, व्हर्नियर आणि हातोडा

वारंवार बेअरिंग खाणाऱ्या मोटरीचा शाफ्ट एकदा उघडून पाहा. बेअरिंगच्या जागेवर पंचाने मारलेले ठिपके दिसतील. आतली रेस शाफ्टवर ढिली झाली, ती शाफ्टवरच फिरू लागली, म्हणून कारागिराने पंच मारून शाफ्टचे पोलाद ठिकठिकाणी वर काढले आणि त्यावर रेस घट्ट बसवली. काही ठिकाणी पत्र्याची पट्टी घातलेली आढळते. त्या क्षणी काम भागते. परंतु रेस आता पूर्ण शाफ्टवर बसलेली नसून दहा-वीस टोकांवर बसलेली असते. ती किंचित तिरपी असते, किंचित लंबगोलही होते. दोन-तीन महिन्यांत ती टोके झिजतात, रेस पुन्हा फिरू लागते आणि "डुप्लिकेट" या शब्दाची पुन्हा आठवण होते.

२० मिलिमीटरच्या बेअरिंगसाठी मोटरीचा शाफ्ट ज्या मापाचा घासतात, त्यातले प्रचलित माप के-६ हे आहे. त्याचा अर्थ शाफ्ट २० मिलिमीटरपेक्षा किमान २ आणि कमाल १५ मायक्रॉन मोठा हवा. खेळ सगळा १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात आहे. आपल्या बहुतेक दुकानांतला व्हर्नियर एका वेळी २० मायक्रॉन मोजतो. म्हणजे ज्या साधनावर आपण विसंबून आहोत, त्याला हा फरक दिसूच शकत नाही! "व्हर्नियरने बघितले, शाफ्ट बरोबर आहे" हे वाक्य बेअरिंगच्या बाबतीत निरर्थक आहे. इथे मायक्रोमीटरच लागतो. शाफ्ट खरोखर झिजला असेल तर त्यावर धातू चढवून लेथवर आणि ग्राइंडिंगवर पुन्हा मापात आणणे, किंवा नवा शाफ्ट घालणे, एवढेच मार्ग आहेत. खर्च एकदाच येतो.

आता हातोड्याकडे येऊ. स्वीडनचे अभियंते ब्रिनेल यांनी १९०० साली धातूचा कडकपणा मोजण्याची एक रीत जगापुढे ठेवली. कडक पोलादाची गोळी धातूवर दाबायची आणि पडलेला खड्डा मोजायचा. आपले काही कारागीर हीच परीक्षा रोज नव्या बेअरिंगवर करत असतात, फक्त त्यांना ते ठाऊक नसते. घट्ट बसायची असते आतली रेस, आणि हातोडा पडतो बाहेरच्या रेसवर. तो सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि प्रत्येक गोळी रेसमध्ये आपला खड्डा उमटवते. बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणू लागते. मग कारागीर म्हणतो, "नवीन आहे, बसेल हळूहळू." ती बसत नाही, त्या खड्ड्यांच्या कडेनेच खवले निघायला सुरुवात होते.

उपाय फुकटचा आहे. आतल्या रेसच्या तोंडाला बरोबर टेकेल असा, दोन्ही टोके सरळ कापलेला नळीचा तुकडा घ्यायचा आणि त्यावरून सरळ दाब द्यायचा. बेअरिंग घरात बसवताना बाहेरची रेस घट्ट असेल तर दाब बाहेरच्या रेसवर. जी कडी घट्ट बसायची तिच्यावरच जोर, इतका साधा नियम आहे. काढताना छिन्नीऐवजी पुलर वापरावा. उघडी बेअरिंग गरम करून बसवायची असेल तर उष्णता सव्वाशे अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. गॅसची ज्योत थेट लावून निळी-जांभळी झालेली रेस ही पोलादाचा कडकपणा गेल्याची खूण आहे. दोन्ही बाजूंनी झाकण असलेली बेअरिंग तर तेलात तापवूच नये, तिच्यातले ग्रीस त्यातच जाते.

मोटरीचे साइड कव्हर कसतानाही असेच होते. एका बाजूचा बोल्ट पूर्ण आवळला आणि मग समोरचा घेतला की कव्हर तिरपे बसते. बोल्ट आलटून-पालटून थोडेथोडे आवळले तर हा दोष येत नाही.

जास्त ग्रीस म्हणजे जास्त प्रेम नव्हे

ग्रीसच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोके आहेत. काही ठिकाणी मोटर आणल्यापासून ग्रीस पाहिलेलेच नसते, आणि काही ठिकाणी कव्हर गच्च भरून ग्रीस बाहेर ओघळेपर्यंत घातलेले असते. दुसरा प्रकार करणाऱ्यांची नियत चांगली असते यात शंका नाही. पण ग्रीस रिकाम्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून फार तर निम्म्यापर्यंत पुरे. गच्च भरले की गोळ्यांना ते घुसळत फिरावे लागते, त्याने बेअरिंग तापते आणि तापले की ग्रीसच मरते. ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना ग्रीसचे आयुष्य निम्मे होते, असा कंपन्यांचा ठोकताळा आहे. मालेगावच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कारखान्यात मोटर चालते, तिच्या जाळीवर रुईचा थर बसून हवा बंद झालेली असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. ती रुई झाडणे हेसुद्धा बेअरिंगची देखभालच आहे. एका जातीच्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचे ग्रीस घालू नये. रंगावरून जात कळत नाही. दोन वेगळ्या जाती मिसळल्या की कधी कधी पातळ होऊन वाहून जातात.

ज्या बेअरिंगवर झेडझेड किंवा टूआरएस लिहिलेले असते तिच्यात कारखान्यातूनच मापात ग्रीस भरलेले असते. ती स्क्रू-ड्रायव्हरने उघडणे, रॉकेलमध्ये धुणे आणि "आपले" ग्रीस भरणे, हा प्रकार आम्ही अनेक ठिकाणी पाहिला आहे. धुतल्यावर हवेच्या नळीने ती गरगर फिरवण्याची तर पोरांना भारी हौस असते. कोरड्या बेअरिंगला असे फिरवले की रेस ओरखडतात, आणि पिंजरा तुटून गोळी डोळ्यात जाण्याचाही धोका असतो. उस्तादांनी हे बंदच करावे.

वेल्डिंगचा मुद्दा थोडक्यात सांगतो. मशिनवर वेल्डिंग करताना अर्थचा चिमटा लांब कुठेतरी लावला आणि विजेला बेअरिंगमधून वाट मिळाली तर गोळी आणि रेसवर बारीक जळके खड्डे पडतात. चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ लावणे एवढाच त्यावर इलाज आहे.

कापड गिरणीतून निघालेला शोध

आपल्या विणकर बंधूंना एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बेअरिंगच्या इतिहासातला एक मोठा शोध कापड गिरणीतल्या बिघाडातून लागला. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे स्वेन विंगक्विस्ट नावाचे तरुण अभियंते एका कापड गिरणीत मशिनरीची देखभाल करत. गिरणीची जमीन चिकणमातीची होती. ती खचे, इमारत हलके हलके सरके आणि छताखालून जाणारे लांब शाफ्ट वाकडे होत. बेअरिंग्ज तापत, अडकत, गिरणी थांबे. विंगक्विस्ट यांनी पुन्हा पुन्हा नवी बेअरिंग बसवत राहण्याऐवजी ती का जाते याचा शोध घेतला. शाफ्ट वाकडा होणारच असेल तर बेअरिंगने तो वाकडेपणा सोसला पाहिजे, असा विचार करून त्यांनी बाहेरची रेस आतून गोलाकार केली आणि गोळ्यांच्या दोन ओळी ठेवल्या. हीच ती स्वतःहून सरळ होणारी बेअरिंग. १९०७ साली त्यांनी पेटंट घेतले, त्याच वर्षी एसकेएफ कंपनी स्थापन झाली. आज त्या कंपनीचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडलाही आहे.

आपल्या मोटरीतली ६२०४ त्या जातीची नव्हे. स्वतःहून सरळ होणारी बेअरिंग एक-दोन अंशांचा तिरपेपणा सहज पचवते. साध्या खोल खोबणीच्या बेअरिंगला एका अंशाचा सहावा हिस्सासुद्धा जड जातो. म्हणून वाकलेला शाफ्ट, तिरपे कव्हर, एका पायाखाली कचरा आलेली मोटर या गोष्टी तिला सोसत नाहीत. आणि विंगक्विस्ट यांची खरी हुशारी आमच्या मते दोन ओळींच्या रचनेत नव्हती, मोडलेल्या बेअरिंगला "का?" असा प्रश्न विचारण्यात होती.

हा प्रश्न आपणही विचारू शकतो. जुनी बेअरिंग कापून उघडावी (डोळ्यांवर चष्मा लावून, कारण हे पोलाद ठिसूळ असते) आणि रेसमधली गोळ्यांची वाट पाहावी. निरोगी मोटरीत आतल्या रेसवर मधोमध सगळीकडून सारखा पट्टा दिसतो आणि बाहेरच्या रेसवर फक्त भाराच्या बाजूला, अर्ध्या वर्तुळापेक्षा कमी. बाहेरच्या रेसवरची वाट एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे तिरपी गेली असेल तर काहीतरी वाकडे बसले होते. दोन्ही रेसवर पूर्ण गोल, गडद वाट असेल तर बेअरिंग आतून आवळली गेली होती. एक तर शाफ्ट जाड होता, नाही तर मोटरीला सी-३, म्हणजे जास्त ढिलाईची बेअरिंग हवी असताना साधी घातली गेली. गोळ्यांच्या अंतरावर खड्डे असतील तर हातोडा. त्याच अंतरावर खड्डे, पण त्यात लालसर भुकटी असेल, तर मोटर बंद स्थितीत शेजारच्या मागांच्या हादऱ्याने हलत राहिली होती. कोपऱ्यात ठेवलेल्या राखीव मोटरीचे असेच होते. तिचा शाफ्ट आठवड्यातून एकदा तरी हाताने फिरवून ठेवावा. आतल्या रेसचे भोक आरशासारखे चकाकत असेल तर ती शाफ्टवर फिरत होती. सगळे काळेनिळे असेल तर तापली होती. एवढे वाचायला इंजिनिअरची पदवी लागत नाही.

आता बनावट मालाविषयी

वरची एकही खूण नसेल, शाफ्ट मापात असेल, पट्टा योग्य ताणाचा असेल आणि तरी बेअरिंग लवकर गेली असेल, तेव्हाच मालावर संशय घ्यावा. बनावट बेअरिंग बहुधा हलक्या दर्जाच्या बेअरिंगवर नामांकित नाव कोरून तयार होते, किंवा भंगारातली जुनी बेअरिंग धुऊन, पॉलिश करून नव्या खोक्यात येते. आजकाल खोकी आणि छाप इतके हुबेहूब असतात की जाणत्या व्यापाऱ्यालाही नुसते बघून सांगता येत नाही. काही कंपन्यांनी यासाठी मोबाइलवर तपासणीची सोय केली आहे, छायाचित्र पाठवून खातरजमा करता येते. पण खरी कसोटी बिलाची आहे. जो पक्के बिल देत नाही, त्याच्याकडून नामांकित कंपनीचा माल निम्म्या भावात मिळाला तर त्यात आश्चर्य कसले? खोटा ट्रेडमार्क लावणे आणि असा माल विकणे हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे.

आपल्यापुढे कायद्याच्याही आधीचा दंडक आहे. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, हा हदीसमधील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणूक करणारा आपला नव्हे असे बजावले. भिजलेले धान्य विकण्यास मनाई नव्हती, ते लपवण्यास होती. जुनी बेअरिंग जुनी म्हणून, कमी भावात, सांगून विकणे हा व्यवहार आहे. तीच नव्या खोक्यात घालणे ही फसवणूक आहे. हार्डवेअर आणि मशिनरीच्या व्यापारात आपल्या समाजाचे नाव मोठे आहे. ते नाव आपल्या आजोबा-पणजोबांनी दिलेल्या शब्दावर उभे राहिले आहे.

प्रामाणिक दुकानदारालाही काही सुधारणा करता येतील. ग्राहक नुसता नंबर सांगतो, आपण नुसता नंबर देतो. मोटर कसली, किती तापते, सी-३ होती की साधी, एवढे विचारायला अर्धा मिनिट लागतो. बेअरिंग पाकिटातून काढून घामट हाताने दहा जणांना दाखवली की तिच्यावर गंज धरतो, भिवंडीच्या पावसाळ्यात तर लवकरच. झाकणाच्या बेअरिंगमधले ग्रीस पडून पडून जुने होते, म्हणून तीन वर्षांहून जुना साठा पुढे ढकलत राहू नये. आधी आलेला माल आधी विकावा.

धान्याच्या राशीची तीच गोष्ट कारागिरालाही लागू होते, असे आम्हाला वाटते. कव्हर बंद झाले की आत पंच मारलेला शाफ्ट आहे हे मालकाला दिसत नाही. ते सांगून केले तर तात्पुरते काम, न सांगता केले तर ओले धान्य खाली आणि कोरडे वर.

पण सगळा दोष कारागिरावर टाकणेही न्यायाचे नाही. आपण त्याला पैसे कशाचे देतो? बेअरिंग बदलण्याचे. म्हणजे बेअरिंग जितक्या वेळा जाईल तितकी त्याची कमाई, आणि चांगले काम केले तर नुकसान. वर मालक डोक्यावर उभा राहून "लवकर कर, माग बंद आहे" म्हणत असतो. अशा घाईत शाफ्ट मोजणार कोण? आमची सूचना अशी की कामाचे निम्मे पैसे त्याच दिवशी द्यावेत आणि उरलेले निम्मे मोटर सहा महिने सुरळीत चालल्यावर, तेही आजच्यापेक्षा वाढवून. पट्टा ताणला म्हणून किंवा मोटर जळाली म्हणून बेअरिंग गेली तर ती जबाबदारी मालकाची, आणि ते ठरवायला जुनी बेअरिंग उघडून पाहण्याची खूण दोघांपुढे आहेच.

राहिला विणकर. साध्या मागावर धोटा मिनिटाला दीडशे वेळा जातो आणि इंचाला ५२ पिके धरली तर माग न थांबता चालल्यास तासाला चार मीटरच्या आसपास कापड निघते. मजुरी मीटरवर. मोटर उघडून, वाइंडिंगवाल्याकडे नेऊन, परत बसवेपर्यंत एक पाळी गेली तर चाळीस-पन्नास मीटरची मजुरी गेली. त्याने बेअरिंग विकत घेतली नाही, बसवली नाही, पट्टा ताणला नाही. मालकाचे नुकसान होते हे खरे, पण मालकाकडे आणखी माग असतात आणि निर्णयही त्याच्याच हातात असतो. मोटरीच्या बिघाडाने बंद राहिलेल्या वेळेची काही तरी भरपाई विणकराला मिळावी, असे आम्ही म्हणतो. अर्धी मजुरी तरी द्यावी. मालकांना हे कडू लागेल. पण बंद वेळेची किंमत ज्या दिवशी मालकाच्या वहीत लिहिली जाऊ लागेल, त्याच दिवशी मायक्रोमीटर विकत घेतला जाईल, त्याआधी नाही.

मायक्रोमीटर, पुलर आणि नळीचे चार-पाच तुकडे ही सामग्री प्रत्येकाने घ्यायचीही गरज नाही. एका मोहल्ल्यातल्या दहा-बारा कारखानदारांत एक संच पुरेसा आहे, तो एखाद्या विश्वासू उस्तादाच्या दुकानी ठेवावा. मालेगावात जुम्याला माग बंद असतात. त्या सकाळी तासभर काढून जाळ्यांवरची रुई झाडावी, पट्ट्याचा ताण बघावा, शाफ्ट हाताने फिरवून खरखर लागते का ते पाहावे. प्रत्येक मोटरीवर नंबर टाकून बेअरिंग बदलल्याची तारीख, दुकानाचे नाव आणि शाफ्टचे माप वहीत लिहावे, आणि निघालेली जुनी बेअरिंग त्याच नंबरची चिठ्ठी बांधून डब्यात ठेवावी. पुढच्या वेळी दुकानदाराकडे भांडायला जाताना ती बरोबर न्यावी.